भिंतीवरचा घोडा

गेली सव्वीस वर्षे मंडळाच्या भिंतीवरचा पट बाईंच्या ताब्यात होता, आणि या सव्वीस वर्षांत त्या भिंतीने कुणाला एक चालही सांगितली नव्हती. बाईंना या गोष्टीचा जितका अभिमान होता, तितका पोटच्या मुलाचाही नसावा.

बुद्धिबळ मंडळाची खोली एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. एका टोकाला चौथरा, त्यावर टेबल आणि दोन खुर्च्या, आणि टेबलाच्या बाजूच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा लाकडी पट. त्याच्या प्रत्येक घरात एक खिळा होता आणि सोंगट्या म्हणजे पत्र्याचे कापलेले, रंगवलेले, माथ्याला भोक पाडलेले आकार. तो पट बाईंच्या यजमानांनी स्वतःच्या हाताने केला होता. ते गेल्यावर त्याची आकडी लावलेली लांब काठी बाईंनी कुणाला न विचारता उचलली आणि कुणाची हरकत घेण्याची छाती झाली नाही. खेळाडूने टेबलावर चाल खेळून घड्याळाची कळ दाबली, की बाई तीच चाल भिंतीवर करून दाखवत. म्हणजे मागच्या खुर्च्यांवरच्या प्रेक्षकांना डाव दिसे. काम एवढेच होते, पण बाईंनी त्याला शिस्त घालून दिली होती. कळीचा आवाज आल्याखेरीज काठी वर जायची नाही. खेळाडू विचारात असताना एखादी सोंगटी खिळ्यावर वाकडी झाली तरी ती तशीच राहू द्यायची. चेहरा कोरा ठेवायचा. एकदा त्यांना पडसे झाले म्हणून एका गृहस्थांनी दोन दिवस काठी धरली होती, तिसऱ्या दिवशी बाईंनी ती परत घेतली आणि सर्वांदेखत सांगितले, "तुमच्या भुवया फार बोलतात. उद्यापासून खुर्च्या मांडा." ते गृहस्थ अजून खुर्च्याच मांडत होते.

म्हणूनच, निवड स्पर्धेच्या शेवटच्या डावाआधी पंचांनी जी सूचना केली ती बाईंना झोंबली. पंच हे घड्याळे दुरुस्त करणारे वृद्ध गृहस्थ. मंडळाची खेळाची घड्याळेही तेच सांभाळत, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना घड्याळकाकाच म्हणत. ते कानाजवळ येऊन हळूच म्हणाले होते, "बाई, आज समोर तुमची नात बसणार. आजच्यापुरती काठी दुसऱ्या कुणाला दिली तर?"

"का? माझ्या हाताला कंप सुटलाय?"

"तसं नव्हे हो. उगाच कुणी काही बोलायला नको."

"कोण बोलणार आहे? नाव सांगा. आत्ता विचारते त्याला."

घड्याळकाकांनी नाव सांगितले नाही. त्यांच्या मनात कुणी नव्हतेच. त्यांना फक्त रीत सांभाळायची होती. बाईंनी काठी उचलली आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

शहराच्या संघातली एकच जागा उरली होती. ती दोन वर्षांतून एकदा रिकामी होत असे. एका बाजूला बाईंची नात, वय वर्षे सतरा, घरातच खेळ शिकलेली, आजीच्या मांडीवर बसून घोड्याची अडीच घरे मोजलेली. दुसऱ्या बाजूला सरकारी रुग्णालयातील परिचारिका, जिला सगळे सिस्टर म्हणत. वय सेहेचाळीस. पाळ्यांच्या अदलाबदली करून, कुणाकुणाच्या विनवण्या करून ती या स्पर्धेला येई. आजवर चार वेळा ती शेवटच्या डावापर्यंत पोचली होती आणि चारही वेळा हरून, न चिडता, आपली पिशवी उचलून कामावर गेली होती. या वेळी संघाच्या प्रवासाचे दिवस हिशेबात धरून तिने वर्षभर एकही रजा घेतली नव्हती. हे मंडळात सर्वांना माहीत होते. बाईंनाही होते.

डाव दुपारपर्यंत रंगला. नात पांढऱ्या सोंगट्यांनी खेळत होती, पण बाजू सिस्टरची वरचढ होती. तिची दोन प्यादी जास्त होती आणि वजीर नातीच्या छावणीत खोल शिरून एकेक प्यादे टिपत होता. मग सिस्टरने आपला हत्ती आणून कोपऱ्यातल्या राजाच्या शेजारी ठेवला आणि कळ दाबली. बाईंनी भिंतीवरचा हत्ती उचलून तिथे लावला, आणि काठी खाली घेता घेता त्यांना ते दिसले.

राजा कोपऱ्यात. शेजारच्या घरात त्याचाच हत्ती. पुढे त्याचीच दोन प्यादी. राजाने स्वतःच्या घराला आतून कडी लावून घेतली होती. नातीचा घोडा पटाच्या मधोमध उभा होता. तो त्या दोन प्याद्यांच्या पुढ्यात उडी घेऊन बसला असता, तर राजाला शह. हलायला जागा नाही. घोडा मारायचा तर कडेच्या प्याद्यानेच मारायचा, दुसरा इलाज नाही. आणि प्यादे जागेवरून हलले, की कडेची पट्टी उघडी. नातीचा हत्ती सरकून त्या पट्टीवर आला, की मात. मध्ये घालायला सिस्टरकडे काही नव्हते. वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला मेजवानी झोडत होता. घोडा द्यायचा आणि राजा घ्यायचा, दोन चालींचे काम. नवशिक्यांच्या पुस्तकात पहिल्या दहा पानांत असते तसले.

नातीला ते दिसत नव्हते.

ती कपाळ धरून बसली होती. पाच मिनिटे गेली, आठ गेली, अकरा गेली. तिच्या घड्याळात चार मिनिटे उरली. तिचा हात हळूच पुढे आला, आणि बाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले, की तो एका निरुपद्रवी प्याद्याकडे चालला आहे. सिस्टर मान खाली घालून, दोन्ही हात कानशिलांवर दाबून बसली होती.

बाईंची काठी वर गेली.

ती कशी गेली, हे बाईंना नंतर कधीच स्वतःला नीट सांगता आले नाही. कढईतले तेल उडाले की हात मागे येतो, तसा तो हात पुढे गेला. काठीची आकडी भिंतीवरच्या पांढऱ्या घोड्याला लागली, पत्रा खिळ्यावर किणकिणला. नातीने वर पाहिले. इथवर बाईंचा गुन्हा नव्हता, किंवा असलाच तर हाताचा होता. पण आकडी घोड्यावर आहे हे कळल्यानंतरही बाईंनी ती लगेच काढली नाही. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडायला लागतो तेवढा वेळ ती तिथे राहिली. मग घोडा जणू वाकडा झाला होता अशा थाटात त्यांनी तो जरासा सारखा केला आणि काठी खाली घेतली. तो श्वास मात्र बाईंचा स्वतःचा होता.

प्रेक्षकांतून कुणी हूं की चूं केले नाही. सोंगटी सारखी करणाऱ्या म्हातारीत पाहण्यासारखे काय असते?

नातीचा हात प्याद्याला न लागताच मागे गेला. तिने पटाकडे पाहिले, मग घोड्याकडे, मग कोपऱ्यातल्या राजाकडे. मग तिने घोडा उचलून त्या दोन प्याद्यांच्या तोंडात नेऊन ठेवला आणि कळ दाबली. मागे खुर्च्या करकरल्या, कुणीतरी "अरे वा!" म्हणाले. सिस्टरने बराच वेळ पटाकडे पाहिले, प्याद्याने घोडा मारला, हत्ती येऊ दिला, आणि राजा आडवा केला.

जाताना ती भिंतीपाशी थांबली. "बाई, तुमच्या हातात पट असला, की हरायलाही बरं वाटतं," ती म्हणाली. "कुठं काही वाकडं नाही."

बाईंनी मान हलवली.

संध्याकाळी घरात नुसती धमाल होती. मुलाची शेजारीपाजारी दवंडी पिटून झाली होती. "आता माझी ओळख काय उरली?" तो जेवताना म्हणाला. "तर हिचे वडील."

"आधी तरी काय होती?" सून म्हणाली. "बाईंचा मुलगा. तुमच्या नावाने ओळखणारं कुणी भेटलं, तर मला दाखवायला आणा."

"आई, बघ ही काय बोलते. तू तरी माझी बाजू घे."

"बाजू घेण्यासारखी असली, तर घेईन," बाई म्हणाल्या. एरवी हे वाक्य त्यांनी ठसक्यात टाकले असते. आज ते नुसते जिभेच्या सवयीने बाहेर आले. समोर नात ताटातला घास इकडून तिकडे करत होती. सून तिला दोनदा वाढायला आली आणि दोनदा तिने हात आडवा धरला. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात गच्चीवर कपडे वाळत घालत होती. बाई जिना चढून वर गेल्या आणि चिमट्यांची डबी हातात धरून उभ्या राहिल्या.

"तो घोडा तुला कधी दिसला?"

नातीने एक उशीचा अभ्रा झटकला. "शेवटी."

"शेवटी म्हणजे केव्हा?"

"आजी, तुला माहितीये."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"काठी घोड्यावर होती तेव्हा." तिने अभ्रा दोरीवर टाकला आणि त्याच्या आड उभी राहिली. "आधी वाटलं, मी चुकून खेळले की काय. मग वाटलं, तू तर कधीच हात लावत नाहीस मध्ये. खेळाडू विचार करताना सोंगटी खाली पडली तरी उचलत नाहीस. म्हणजे काहीतरी असणार. मग बघितलं, घोडा तिथून कुठं जाईल. झालं."

"मग तू बोलली का नाहीस? घड्याळकाका समोर बसले होते."

अभ्र्यामागून तिचा हात चिमट्यासाठी पुढे आला. मग ती म्हणाली, "तू बोलली नाहीस म्हणून."

बाईंच्या हातातली डबी जड झाली. लबाडी ही मुलीला त्यांनी कधी शिकवली नव्हती. काल एका श्वासात शिकवली, आणि पोरगी हुशार, एकदा दाखवलेले पुरले.

त्या जिना उतरल्या, नेसत्या साडीवरच बाहेर पडल्या. नियमाने जायचे, तर पंचांकडे जायला हवे होते. त्यांचे दुकान दोन गल्ल्यांवर होते आणि संघाची यादी दुपारी चार वाजता तिथूनच रवाना होणार होती. पण बाईंची पावले रुग्णालयाकडे वळली. तसे का झाले, हे त्यांना वाटेत उमगले नाही. तिथे पोचल्यावर उमगले.

सिस्टर मलमपट्टीच्या खोलीत होती. एका कळकट माणसाच्या पोटरीवरची पट्टी सोडवत ती म्हणाली, "बाई, तुम्ही? बसा त्या स्टुलावर. काय झालं, कापलं-बिपलं का?"

"मला काही झालेलं नाही."

"मग दोन मिनिटं. काका, पाय हलवू नका. लाकूड आहे समजा."

"लाकूड असता, तर दुखला असता होय?" तो माणूस कुरकुरला.

तो लंगडत बाहेर गेल्यावर सिस्टरने हात धुतले आणि बाईंच्या समोर उभी राहिली. बाईंनी सगळे सांगितले: हात, आकडी, तो एक श्वास, नातीने वर पाहिले ते, गच्चीवरचे बोलणे. वाक्ये नेहमीसारखी घडीव होती. आवाज तेवढा त्यांच्या ओळखीचा नव्हता.

सिस्टरने हात पुसून रुमाल खुंटीला अडकवला.

"मला तो घोडा दिसला होता, बाई," ती म्हणाली. "हत्ती ठेवून बोट काढलं, आणि दिसला. मग मी मान वर केलीच नाही. म्हटलं, आपल्या तोंडावरून पोरीला कळायचं. अकरा मिनिटं मी नुसती बोटं मोजत होते." ती थांबली. "तिला आपणहून दिसला असता?"

"कदाचित."

"कदाचित नको. तुम्ही शिकवलंय तिला. खरं सांगा."

"चार मिनिटं होती तिच्याकडे. पण हात प्याद्याकडे गेला होता." बाई स्टुलावर सरळ बसल्या. "मला नाही वाटत, दिसला असता."

"मग जागा माझी आहे," सिस्टर म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, आढेवेढेही नव्हते. वाटेवर पडलेली आपली वस्तू कुणी आणून दिली, की माणूस जसे म्हणते तसे ती म्हणाली. आणि तेव्हा बाईंना कळले, की आपण आधी इथे का आलो. ही सोशिक बाई चार वेळा हरून हसत गेली. पाचव्या वेळीही ती म्हणेल, जाऊ द्या हो, पोरीचं वय आहे, झालं ते झालं. आपण क्षमा मागायला आलो नव्हतो. सोडून देणारे माणूस शोधत आलो होतो. कबुलीही दिली असती आणि जागाही घरात राहिली असती. त्यांना स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

"होय," त्या उठत म्हणाल्या. "तुमचीच आहे."

"घड्याळकाकांना तुम्ही सांगणार, की मी?"

"मी. चारच्या आत."

"बरं," सिस्टर म्हणाली, आणि दाराबाहेर डोकावून पुढच्याला हाक मारली.

घड्याळकाकांनी भिंगाचा चष्मा कपाळावर चढवून सगळे ऐकले. काठी दुसऱ्याला द्या असे मी म्हटले होते, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. त्यांनी ते दाखवले असते, तर बाईंना बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "निकाल फिरवायचा, तर लेखी हवं. आणि एकट्या तुमच्या सांगण्यावर मला तो फिरवता येणार नाही. खेळाडूची सही लागेल."

म्हणजे घरी जाऊन नातीपुढे कागद ठेवायचा होता.

बाईंनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. खाडाखोड एकही नाही. काय घडले ते चार ओळींत, आणि शेवटची ओळ अशी: 'या कृत्याची जबाबदारी सर्वस्वी माझी एकटीची आहे.' मुलाने तो वाचला आणि त्याच्या कपाळाची शीर तटतटली.

"आई, तुला कुणी विचारलंय का? कुणी बघितलं नाही, कुणी बोललं नाही. स्वतःच्या नातीच्या तोंडचा घास काढतेस?"

"तो तिचा नव्हता."

"तत्त्वं तुझी आणि भोगायचं हिने?"

बाईंनी पेनाचे टोपण लावले. तो म्हणत होता ते खरे होते, आणि त्याने काही बदलणारही नव्हते. सुनेने नवऱ्याच्या दंडाला हात लावला. तो बाजूला झाला. नात टेबलाशी येऊन बसली. तिने कागद ओढून घेतला, वाचला, आणि बाईंचे पेन मागितले. मग शेवटच्या ओळीवर सरळ, ठसठशीत रेघ मारली आणि खाली आपल्या बारक्या अक्षरात लिहिले: 'काठी घोड्यावर आहे हे मी पाहिले. पाहूनच ती चाल खेळले.' त्याखाली सही केली.

बाई त्या रेघेकडे पाहत राहिल्या. 'एकटीची' हा शब्द लिहिताना त्यांना हलके वाटले होते, अगदी उदार वाटले होते. तेवढाही मोठेपणा पोरीने त्यांच्याकडे राहू दिला नाही, आणि तिचे बरोबर होते.

"चल," नात म्हणाली. "साडेतीन झाले."

दोघी रस्त्याला लागल्या. ऊन कलले होते, दुकाने दुपारची बंद होती. पहिली गल्ली मागे पडली. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी नात एकाएकी थांबली, आणि कालपासून कोरडे राहिलेले तिचे डोळे भरून आले.

"मला जागेचं नाही वाटत गं," ती म्हणाली. "दोन वर्षांनी पुन्हा खेळेन. पण तो घोडा समोर होता. अकरा मिनिटं समोर होता. मी प्यादं खेळणार होते, पण खेळले नव्हते अजून. हात मागे घेतला असता एखाद्या वेळी. चार मिनिटं होती." तिने मनगटाने नाक पुसले. "दिसला असता ना, आजी?"

सिस्टरला दिलेले उत्तर बाईंच्या ओठांवर आले. त्याच्या उलटे, गोड उत्तरही आले. नातीचे सतरा वर्षांचे तोंड वर झाले होते, लहानपणी पहिली शहमात देऊन शाबासकीसाठी होत असे तसेच.

"नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. "ते तुलाही कळायचं नाही, मलाही नाही. ती चार मिनिटं मी घेतली."

नातीने मान हलवली. मग कागद छातीशी धरून ती पुढे झाली आणि बाईंसाठी न थांबता घड्याळकाकांच्या दुकानाची पायरी चढली.